दगडाला उजेड बाजूनं हवा

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात शिरण्याआधी कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करा. इथलं सगळं काम काळ्या दगडातलं आहे आणि कोरीव काम आपल्याला दिसतं ते सावलीमुळं. समोरून फ्लॅश मारला की सावली नाहीशी होते, नक्षी सपाट दिसते आणि गुळगुळीत खांबांवर नुसता पांढरा डाग उमटतो. कोल्हापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढून घर चालतं. सवड मिळाली की नृसिंहवाडी, कुरुंदवाडमार्गे मी खिद्रापूर गाठतो. इतक्या वर्षांत माझी खात्रीच झाली आहे, की जुन्या वास्तूत जे करू नका म्हणून सांगतात, त्यातल्या बहुतेक गोष्टींनी फोटोही बिघडतोच.

आधी नियमांचं बघू. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१८ च्या जुलैमध्ये या खात्यानं आपल्या स्मारकांमधली साध्या फोटोंवरची बंदी उठवली. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातला कबरींचा भाग तेवढा वगळला. म्हणजे हातातल्या मोबाइलला, कॅमेऱ्याला इथं मोकळीक आहे. ट्रायपॉड, लाइट, ड्रोन किंवा धंद्याचं शूटिंग असेल, तर खात्याची परवानगी आधी काढावी लागते. प्री-वेडिंगच्या पार्ट्यांना मी हे पहिल्याच बैठकीत सांगतो. शिवाय कोपेश्वराची पूजाअर्चा आजही चालते, तेव्हा गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय मोबाइल वर करू नये. आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात तर फोटोला मनाईच आहे. तिथं वाद न घालता हात जोडावेत.

मंदिराच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे, तिला गजपीठ म्हणतात. लोक या हत्तींवर पाय देऊन, टेकून, बसून फोटो काढतात. कितीतरी सोंडा आधीच तुटलेल्या आहेत. उरलेल्यांवर तरी आपलं वजन टाकू नका. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी २०१० पासून कायद्यात तरतूद आहे. आणि माणूस हत्तीवर बसला की फोटोत हत्ती उरतच नाही. त्यापेक्षा माणसाला दोन पावलं अलीकडं, जमिनीवर उभं करा. हत्तीची उंची त्याच्या अंगावरून कळते.

आता स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि मधोमध छताला सुमारे तेरा फूट व्यासाचं गोल, उघडं आकाश. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. इथं ट्रायपॉडची गरजच पडत नाही. रुमाल पसरून मोबाइल शिळेच्या मध्यावर उताणा ठेवा, पुढचा कॅमेरा चालू करा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. वर्तुळाभोवतीचे बारा खांब आणि मधलं आकाश एका फोटोत येतं. आकाशाच्या बाजूला स्क्रीनवर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर आकाश पांढरं फटक येतं.

कार्तिकी पौर्णिमेला इथं गर्दी होते, कारण मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र या वर्तुळावर येतो. त्या दिवसांत सूर्य आकाशात दक्षिणेकडं झुकलेला असतो, म्हणून त्याच्या समोरचा पूर्ण चंद्र उत्तरेकडं सरकून आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो. हाच हिशेब सूर्याला लावा. आपल्या भागात ६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन सरळ खाली त्या शिळेवर उतरतं. पौर्णिमेच्या गर्दीपेक्षा मला ती दुपार जास्त आवडते.

दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा संस्कृत शिलालेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा. अक्षरं नीट दिसावीत म्हणून कोणी खडू घासतं, कोणी भस्म चोळतं, कोणी पाणी मारतं. कृपा करून यातलं काही करू नका. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहाला या, पूर्वेकडून तिरपं ऊन भिंतीला घासून जातं आणि प्रत्येक अक्षराच्या खोबणीत सावली भरते. कॅमेरा लेखाच्या अगदी समोर, समांतर धरा. एक फोटो संपूर्ण लेखाचा घ्या आणि मग ओळीओळीनं जवळून घ्या. पन्हाळ्याच्या तीन दरवाजावरही फारसी लेख आहे, तिथंही हीच रीत. पन्हाळा २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, त्यामुळं गर्दी वाढणार. शक्यतो सकाळी लवकर जा.

२०१९ च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्यात होता, आणि मंदिर तर कृष्णेच्या काठावरच आहे. कुठला हत्ती कधी झिजला, कुठली कड कधी निखळली, हे जुने फोटो शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाला विनंती आहे: स्वतःचे हवे तेवढे फोटो काढा, पण एक फोटो गजपीठाचा, माणसांशिवाय, बाजूच्या उजेडात काढा. त्यावर तारीख आणि दिशा लिहा आणि तो डिलीट करू नका.