नियंत्रण

नियंत्रण : एखादी क्रिया, यंत्रणा किंवा मानवसमूह इष्ट दिशेने व ठरावीक मर्यादेत चालावा, म्हणून त्याच्या प्रत्यक्ष स्थितीची अपेक्षित स्थितीशी तुलना करून त्यात केलेला सहेतुक बदल म्हणजे नियंत्रण होय. या व्याख्येत तीन घटक अभिप्रेत आहेत : साध्य काय ते ठरविणे, प्रत्यक्षात काय घडते आहे ते जाणणे आणि दोहोंतील अंतर कमी करण्याचे सामर्थ्य असणे. केवळ सामर्थ्य म्हणजे नियंत्रण नव्हे. उतारावरून घरंगळणाऱ्या गाडीत वेग पुष्कळ असतो, पण नियंत्रण नसते. ही संकल्पना अभियांत्रिकी, शरीरक्रियाविज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व साहित्य अशा परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांत वावरते. तिचा एका क्षेत्रातील अर्थ दुसऱ्या क्षेत्रातील अनुभवावर प्रकाश टाकतो.

व्युत्पत्ती व अर्थविस्तार : ‘यंत्र’, ‘नियंत्रण’ व ‘नियंता’ हे तिन्ही शब्द आवरणे, ताब्यात ठेवणे या अर्थाच्या ‘यम्’ या संस्कृत धातूशी निगडित आहेत. संस्कृतात ‘नियंता’ म्हणजे रथ हाकणारा सारथी असाही अर्थ आहे. ग्रीक भाषेत हेच स्थान सुकाणू धरणाऱ्या नाविकाचे आहे. त्याला ‘किबर्नेटीस’ म्हणत. या शब्दाचे लॅटिन रूप पुढे ‘गव्हर्नर’ झाले. प्रांताचा राज्यपाल आणि वाफेच्या एंजिनाची गती सांभाळणारी प्रयुक्ती या दोहोंना इंग्रजीत हे एकच नाव मिळाले, हा योगायोग नव्हे.

‘कंट्रोल’ या इंग्रजी शब्दाचा उगम मात्र वेगळा आहे. मध्ययुगीन लॅटिन भाषेतील ‘काँत्रारोतुलुस’ म्हणजे हिशेबाच्या मूळ गुंडाळीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी. नियंत्रण याचा आरंभीचा अर्थ असा पडताळणीचा होता. हुकमत हा अर्थ मागाहून आला. भारतीय संविधानाच्या १४८ व्या अनुच्छेदानुसार नेमल्या जाणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदनामात तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाल्यानंतर, ‘कंट्रोल’ हा शब्द मराठी बोलीतही रुजला. ‘कंट्रोलचे धान्य’, ‘कंट्रोलचा कपडा’ या प्रयोगांत त्याला टंचाई, रांग व ठरावीक भाव या अनुभवांचा रंग चढला.

तंत्रविद्येतील नियंत्रण : आपोआप चालणाऱ्या नियंत्रणाची उदाहरणे प्राचीन आहेत. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या टेसिबियस याने जलघड्याळातील पाण्याची पातळी तरफ्याच्या साहाय्याने स्थिर राखल्याचे मानले जाते. आधुनिक काळातील निर्णायक उदाहरण म्हणजे जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला जोडलेला केंद्रोत्सारी गतिनियंता. यात एंजिनाबरोबर फिरणाऱ्या उभ्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले असतात. एंजिनाची गती वाढली की गोळे बाहेरच्या बाजूस फेकले जाऊन वर उचलले जातात आणि त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप थोडी बंद करते. गती कमी झाली की गोळे खाली येतात व झडप उघडते. क्रियेचा परिणाम अशा रीतीने पुन्हा क्रियेच्या उगमापर्यंत पोहोचविला जातो. या व्यवस्थेस पुनःप्रदाय म्हणतात; ‘फीडबॅक’ हा तिचा रूढ इंग्रजी पर्याय होय. परिणाम ज्या दिशेने ढळला असेल त्याच्या विरुद्ध दिशेने कार्य करणारा पुनःप्रदाय ऋण समजला जातो आणि तोच स्थैर्य देतो. ढळणे वाढविणारा पुनःप्रदाय धन होय. ध्वनिक्षेपकासमोर ध्वनिग्राहक धरल्यास ऐकू येणारी कर्कश किंकाळी हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

ऋण पुनःप्रदाय असला म्हणजे स्थैर्य येतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकातील काही गतिनियंते एंजिनाची गती स्थिर ठेवण्याऐवजी तिला सतत वरखाली झुलवीत असल्याचे आढळले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये या प्रश्नाचे गणिती विवेचन केले व कोणत्या परिस्थितीत आंदोलने विरतात आणि कोणत्या परिस्थितीत वाढत जातात, हे समीकरणांच्या साहाय्याने दाखविले. यातून निघणारे तत्त्व व्यापक आहे. वार्ता उशिरा पोहोचत असेल आणि तिच्यावरील प्रतिक्रिया फार तीव्र असेल, तर सुधारणा करण्याचा प्रयत्नच बिघाडाचे कारण ठरतो. न्हाणीघरात गरम पाणी येण्यास वेळ लागतो म्हणून तोटी अधिकाधिक उघडणाऱ्यास अखेर चटका बसतो, तो याच कारणाने. हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये दूरध्वनीसाठी शोधलेला ऋण पुनःप्रदायी वर्धक आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेला स्थैर्याचा निकष यांमुळे या शास्त्राचा पाया भक्कम झाला.

दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम साधण्याच्या प्रश्नावर काम करताना नॉर्बर्ट वीनर यांच्या लक्षात आले की, यंत्र व प्राणी यांच्या नियंत्रणाचे तत्त्व एकच आहे. शरीराचे तापमान सु. ३७° से. राखणारी यंत्रणा आणि तापनियंत्रक उपकरण यांची घडण तत्त्वतः सारखी आहे. वीनर यांनी १९४८ मध्ये ग्रीक नाविकाच्या नावावरूनच या शास्त्रास ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले. फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तोच शब्द राज्यकारभाराच्या शास्त्रासाठी योजला होता. रॉस अ‍ॅशबी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, ज्याचे नियंत्रण करावयाचे त्याच्या अवस्थांत जितके वैविध्य असेल, तितकेच वैविध्य नियंत्रकाच्या प्रतिसादांतही असावे लागते. ते नसल्यास दोनच मार्ग उरतात : नियंत्रकाची जाण वाढविणे, अथवा नियंत्रिताचे वैविध्य छाटणे. राजकीय इतिहासात दुसऱ्या मार्गाचा अवलंब वारंवार झालेला दिसतो.

संवेदकाकडून येणारी वार्ताच खोटी असेल, तर नियंत्रणयंत्रणा जितकी कार्यक्षम तितकी घातक ठरते. बोइंग ७३७ मॅक्स या विमानाला २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात व १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात अपघात होऊन अनुक्रमे १८९ व १५७ माणसे मृत्यू पावली. विमानाचे नाक खाली आणणारी स्वयंचलित यंत्रणा दोन्ही प्रसंगी एकाच संवेदकाच्या चुकीच्या मापनावर विसंबून पुनःपुन्हा कार्यान्वित झाली. पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांच्या माहितीपुस्तिकांत तिचे वर्णनही नव्हते. मूळ गुंडाळी ताडून पाहण्यासाठी तेथे दुसरी गुंडाळी नव्हती, असे या संकल्पनेच्या व्युत्पत्तीला धरून म्हणता येईल.

राजकारणातील नियंत्रण : शासनसंस्थेच्या संदर्भात नियंत्रणाचे दोन परस्परविरोधी प्रवाह संभवतात : शासनाचे प्रजेवरील नियंत्रण आणि प्रजेचे शासनावरील नियंत्रण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांची विस्तृत योजना आहे. तीत अधिकाऱ्यांवर पाळत ठेवण्याचा भागही महत्त्वाचा असून कोषातील अपहाराचे चाळीस प्रकार तेथे नोंदविलेले आहेत. माँतेस्क्यू यांनी १७४८ मध्ये केलेले सत्ताविभाजनाचे समर्थन दुसऱ्या प्रवाहातील होय. सत्तेच्या प्रत्येक शाखेला दुसरीने आवरावे, हे त्याचे सार. जेरेमी बेंथॅम यांनी १७९१ मध्ये एका वर्तुळाकार कारागृहाचा आराखडा प्रसिद्ध केला. मध्यवर्ती मनोऱ्यातून पहारेकऱ्याला प्रत्येक कैदी दिसावा, पण कैद्याला पहारेकरी दिसू नये, ही त्याची योजना. आपल्यावर नजर आहे की नाही हे न कळल्याने कैदी स्वतःच स्वतःचा पहारेकरी बनतो. मीशेल फूको यांनी १९७५ मध्ये या आराखड्यात आधुनिक शिस्तीचे प्रारूप पाहिले. झील दलझ यांनी १९९० मध्ये त्यापुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, भिंतींच्या आतील शिस्तीची जागा सर्वत्र व अखंड चालणारे नियंत्रण घेत आहे.

अर्थव्यवस्थेच्या क्षेत्रात भारताने १९५१ च्या उद्योग विकास व नियमन अधिनियमाने परवान्यांची आणि १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाने साठा व भाव यांच्या नियमनाची व्यवस्था केली. औद्योगिक परवान्यांचा मोठा भाग १९९१ मध्ये संपुष्टात आला. चिलीमध्ये साल्व्हादोर आयेंदे यांच्या शासनाने १९७१ मध्ये स्टॅफर्ड बिअर यांच्या साहाय्याने कारखान्यांची दैनंदिन माहिती टेलेक्सद्वारे एकत्र करण्याचा प्रयोग आरंभिला. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तो संपला.

राजकीय नियंत्रणाचे सर्वांत दारुण अपयश वार्ता दडपली गेल्याने घडते. चीनमध्ये १९५९–६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मृत्युमुखी पडली. वरिष्ठांच्या धाकाने स्थानिक अधिकाऱ्यांनी पिकांचे फुगविलेले आकडे कळविले आणि त्या आकड्यांच्या आधारे धान्याची वसुली होत राहिली. लोकशाही व मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी प्रसंग सहसा ओढवत नाही, हे अमर्त्य सेन यांचे प्रसिद्ध प्रतिपादन नियंत्रणशास्त्राच्या परिभाषेतही मांडता येते : वृत्तपत्र हा शासनयंत्रणेचा संवेदक आहे.

भारतात २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळातील आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षण लादले गेले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांचा न्यायालयात दाद मागण्याचा हक्क नाकारला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे मत तेवढे विरुद्ध होते. मार्च १९७७ च्या निवडणुकीत सत्तारूढ पक्षाचा पराभव झाला. लोकमताची खरी वार्ता सत्ताधाऱ्यांपर्यंत पोहोचणे त्यांनी स्वतःच बंद केले होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविताना १९७६ चा निर्णय चुकीचा असल्याचे स्पष्ट केले.

साहित्यातील नियंत्रण : साहित्याशी नियंत्रणाचा संबंध दुहेरी आहे, ते नियंत्रणाचे लक्ष्य असते आणि नियंत्रण हा त्याचा विषयही असतो. ब्रिटिश शासनाने १८७६ मध्ये नाट्यप्रयोग अधिनियम व १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांसंबंधीचा अधिनियम केला. दुसरा लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत रद्द झाला, तर पहिला केंद्रीय कायद्यांच्या संग्रहातून २०१८ मध्ये वगळण्यात आला. कृ. प्र. खाडिलकरांच्या कीचकवध (१९०७) या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन यांना आणि द्रौपदीत पारतंत्र्यातील भारताला ओळखले. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. पौराणिक कथेवर बंदी घालणे शासनाला अवघड होते आणि तीच खाडिलकरांची ढाल होती. नियंत्रण कडक झाले की रूपक सूक्ष्म होते, असा साहित्येतिहासातील सर्वसाधारण अनुभव आहे. स्वातंत्र्यानंतर विजय तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडर (१९७२) या नाटकास परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतल्यावर प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला व निर्णय नाटकाच्या बाजूने लागला. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी व्यासपीठावरून आणीबाणीचा निषेध केला. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

नियंत्रण हा विषय घेऊन लिहिलेल्या कादंबऱ्यांत येव्‌गेनी झाम्यातिन, ऑल्डस हक्सली व जॉर्ज ऑर्वेल यांच्या कृती प्रमुख आहेत. झाम्यातिन हे नौका-अभियंता होते. १९२०–२१ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या वुई या नावाने इंग्रजीत आलेल्या कादंबरीत माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत. ती इंग्रजी भाषांतररूपाने १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सोव्हिएट संघात मात्र ती १९८८ पर्यंत प्रकाशित होऊ शकली नाही. हक्सली यांच्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड (१९३२) मध्ये नियंत्रण सुखाच्या गोळीतून येते, तर ऑर्वेल यांच्या नाइन्टीन एटी-फोर (१९४९) मध्ये ते भय, टेहळणी व भाषेची काटछाट यांतून येते. शब्दच उरले नाहीत तर विरोधी विचारही करता येणार नाही, ही त्यातील कल्पना अ‍ॅशबी यांच्या वैविध्य छाटण्याच्या मार्गाची वाङ्‌मयीन आवृत्तीच होय.

तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल (१९७२) या नाटकात प्रश्न वेगळ्या बाजूने येतो. नाना फडणवीस घाशीरामाला कोतवाल नेमतात. तो रात्रीच्या पुण्यात फिरणाऱ्यांकडून परवाने मागतो आणि त्याचा जुलूम वाढत जातो. लोक खवळल्यावर नाना त्याला जमावाच्या हवाली करून स्वतः नामानिराळे राहतात. नियंत्रण करणारा कोतवाल हा एक साधनमात्र असतो. ज्याचा हिशेब कोणीच तपासत नाही तो त्याच्या मागे उभा असतो.

समारोप : संगणक व मोबाइल दूरध्वनी यांच्या प्रसारामुळे एकविसाव्या शतकात माणसाच्या हालचाली, खरेदी व वाचन यांची नोंद अखंडपणे होऊ लागली आणि त्या नोंदींवरून त्याच्यापुढे काय ठेवावे हे आज्ञावली ठरवू लागल्या. भारतात याविषयी २०२३ मध्ये अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. तंत्रविद्या, राजकारण व साहित्य या तिन्ही क्षेत्रांतील अनुभव एकाच निष्कर्षाकडे नेतो. नियंत्रण टाळता येत नाही. ते नसेल तर एंजिन फुटते, धान्य काळ्या बाजारात जाते आणि दुर्बळाला संरक्षण उरत नाही. परंतु प्रतिकूल वार्ता ऐकण्याची सोय ज्यात नाही, ते नियंत्रण अखेरीस स्वतःवरील ताबा गमावते. म्हणून कोणत्याही नियंत्रणव्यवस्थेची कसोटी ती किती कडक आहे ही नसून, तिची गुंडाळी ताडून पाहण्यासाठी दुसरी गुंडाळी कोणाच्या हाती आहे, ही होय.