छोटी भाकरी, मोठा चौकोन

मुलांनो, मागच्या दिवाळीत नांदेडहून माझ्या भाच्याचा फोन आला. स्वारी नववीत आहे, फोटोचं भलतंच वेड! "मामा, आईची भिशी लागली. त्यातले थोडे पैसे मला लेन्ससाठी देणार आहे. पण दोन वर्षांनी आपल्याकडे मोठा, फुल-फ्रेम कॅमेरा येणार ना? मग आत्ता लेन्स कोणती घेऊ? दुकानात एक मस्त वाइड लेन्स बघून ठेवलीय."

मागून ताईचा आवाज आला, "अरे, त्याला नीट सांग बाबा. पैसे एकदाच आहेत. चुकला तर पुन्हा मिळायचे नाहीत."

प्रश्न साधा नव्हता. म्हणून रविवारी लातूरहून नांदेडची एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत दुपारी पोचलो. ताईनं ज्वारीची भाकरी वाढली, आणि काय गंमत, उत्तर तिथंच ताटात सापडलं!

भाकरीतला चौकोन

आधी एक प्रयोग करा. भिंग घ्या आणि अंधाऱ्या खोलीत उघड्या खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरा. हळूहळू मागेपुढे केलं, की भिंतीवर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा दिसेल. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही, बरं का!) भिंग गोल असतं, त्यामुळे लेन्समधून येणारी प्रकाशाची प्रतिमाही गोल असते, अगदी भाकरीसारखी. कॅमेऱ्यातला सेन्सर मात्र चौकोनी. तो त्या गोल भाकरीतून आपला चौकोन कापून घेतो. तोच तुमचा फोटो.

फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा चौकोन 36 मिमी लांब आणि 24 मिमी रुंद असतो. हे माप आलं कुठून? जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे यंत्रज्ञ होते. त्यांनी सिनेमाची फिल्म एका छोट्या कॅमेऱ्यात आडवी बसवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी जागा एका फोटोला दिली. 1925 साली तो कॅमेरा 'लायका' या नावानं बाजारात आला, आणि 36 गुणिले 24 हे माप जगभर रूढ झालं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एवढा मोठा सेन्सर फार महाग पडे. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत साधारण 24 गुणिले 16 मिमीचा छोटा सेन्सर बसवला गेला. भाच्याचा कॅमेरा याच जातीचा.

आता पायथागोरसला बोलवा. मोठ्या चौकोनाचा कर्ण काढा: सुमारे 43 मिमी. छोट्याचा: सुमारे 29 मिमी. म्हणजे मोठ्या चौकोनाला निदान 43 मिमी व्यासाची भाकरी हवी. पण खास छोट्या सेन्सरसाठी केलेल्या लेन्सची भाकरीच छोटी! तिच्यातून मोठा चौकोन कापायला गेलं, तर कोपरे रिकामे राहणार. फोटोत ते काळे दिसतात.

उलट, मोठी भाकरी असेल तर छोटा चौकोन आरामात निघतो. म्हणून फुल-फ्रेमची लेन्स त्याच जातीच्या छोट्या कॅमेऱ्यावर चालते. छोट्याची लेन्स मोठ्यावर मात्र धड चालत नाही. मी स्वतः एकदा यात फसलो आहे. आधी छोट्या सेन्सरची लेन्स घेतली, वर्षभरात मोठा कॅमेरा घेतला, आणि लेन्स निम्म्या किमतीत विकून टाकली!

"पण मामा, मोठा कॅमेरा स्वतःच छोटा चौकोन कापून घेतो म्हणे?" भाच्यानं विचारलं. खरं आहे. बरेच कॅमेरे छोटी लेन्स ओळखतात आणि सेन्सरचा मधलाच भाग वापरतात. पण मोठा चौकोन छोट्याच्या सव्वादोन पट असतो. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा मग जेमतेम साडेदहा मेगापिक्सेलचा उरतो. मोठं घर घ्यायचं आणि एकाच खोलीत राहायचं, असा तो प्रकार!

पुठ्ठ्याचा कॅमेरा

आता दुसरी गोष्ट. लेन्सवर 18, 50, 300 असे आकडे असतात. ते तिचं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दूरचं जवळ. पण तीच लेन्स छोट्या आणि मोठ्या सेन्सरवर सारखं दाखवत नाही. पटत नाही? करून बघा.

दोन पुठ्ठे घ्या. एकात 72 गुणिले 48 मिमीची खिडकी कापा, दुसऱ्यात 48 गुणिले 32 मिमीची. (खऱ्या मापांच्या आपण दुप्पट घेतली आहेत.) एक डोळा मिटा आणि मोठ्या खिडकीचा पुठ्ठा उघड्या डोळ्यापासून 10 सेंटिमीटरवर धरा. जे दिसतं, ते फुल-फ्रेमवर 50 मिमीची लेन्स दाखवते तेवढं दृश्य. आता त्याच अंतरावर छोट्या खिडकीचा पुठ्ठा धरा. दृश्य आक्रसलं ना? छोट्या सेन्सरवर तीच 50 ची लेन्स 75 सारखी वागते. दीडनं गुणायचं. कॅननच्या छोट्या सेन्सरला 1.6 नं.

आम्ही गच्चीवर हाच खेळ केला. भाच्याची 18 ते 55 ची लेन्स, म्हणजे मोठ्या मापात 27 ते 82. लातूरची गंजगोलाई आठवा. 1917 साली उभी राहिलेली ती गोल बाजारपेठ, चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. ती फोटोत मावायला रुंद लेन्स हवी. कंधारच्या किल्ल्याचा खंदकही तसाच. मोठा कॅमेरा आला की रुंदी आपोआप वाढते. 24 ची लेन्स छोट्यावर 36 सारखी वागते, मोठ्यावर खरीखुरी 24 होते.

पण दूरच्या बाबतीत उलटं होतं. 300 ची लेन्स छोट्या कॅमेऱ्यावर 450 सारखी जवळ आणते. मोठ्यावर ती पुन्हा 300 च! विष्णुपुरीच्या जलाशयावरचा बगळा मोठ्या कॅमेऱ्यात लहानच दिसणार. म्हणजे मोठा कॅमेरा प्रत्येक कामात वरचढ असतो, असं नाही.

तुमचेच फोटो तुम्हाला सांगतील

मग आम्ही संगणकावर भाच्याचे वर्षभराचे फोटो उघडले. प्रत्येक डिजिटल फोटोच्या माहितीत लेन्सचा तेव्हाचा आकडा नोंदलेला असतो. मी म्हटलं, "वही घे. 18 ते 24, 25 ते 40, 41 ते 55, असे तीन रकाने कर आणि रेघा मार."

तासाभरानं पोरगा गप्पच झाला. निम्म्याहून जास्त रेघा शेवटच्या रकान्यात! होला मोहल्ल्यातले घोडे, गोदावरीवरचे पक्षी, शेतातलं बैलांचं तोंड. सगळीकडे तो लेन्स शेवटपर्यंत ताणून उभा. रुंद फोटो हातावर मोजण्याइतके.

"मग मी वाइड का मागत होतो?"

"कारण दुकानात ती छान दिसली!" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. आम्ही तिघंही हसलो.

अक्षरं वाचा

लेन्सच्या नावातली अक्षरं नेहमी वाचा. निकॉनवर 'डीएक्स' म्हणजे छोटी भाकरी. कॅननवर 'ईएफ-एस' किंवा 'आरएफ-एस' म्हणजे छोटी. त्यातली 'ईएफ-एस' तर कॅननच्या आरशाच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर बसतच नाही. सोनीची 'एफई' ही फुल-फ्रेमसाठी, नुसती 'ई' बहुतेक छोट्यासाठी.

शिवाय बैठक बघा, म्हणजे लेन्स जिथं कॅमेऱ्याला अडकते ती कडी. निकॉन आणि कॅनन या दोघांनी 2018 साली बिनआरशाच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांसाठी नव्या बैठका आणल्या. जुन्या लेन्स त्यांवर अ‍ॅडॅप्टर लावून बसतात, पण निकॉनच्या काही जुन्या लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही. उद्या कोणत्या कंपनीचा, कोणत्या बैठकीचा कॅमेरा घेणार, हे आधी ठरवा, मगच लेन्स.

वापरलेली लेन्स घ्यायलाही हरकत नाही. मात्र तिच्यातून विजेरीचा उजेड आरपार टाकून बघा. पावसाळी दमटपणानं काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तशी दिसली तर सरळ परत करा. कडी फिरवा, फोकस करा, दोनचार फोटो काढून कोपरे तपासा.

शेवटी काय घेतलं?

भाच्यानं वापरलेली, पण फुल-फ्रेमसाठी केलेली 70 ते 300 ची लेन्स घेतली. ती आजही चालते, उद्याही चालेल. वाइड लेन्स रद्द! जुना कॅमेराही विकायचा नाही असं ठरलं. मोठा आल्यावर पक्ष्यांसाठी तोच उपयोगी पडणार आहे.

पालकहो, तुम्हालाही दोन शब्द. नुसत्या कॅमेऱ्याच्या किमतीवर हिशेब करू नका. कॅमेरा अधिक लेन्स, असा करा. फुल-फ्रेमच्या लेन्स सहसा जड आणि महाग असतात. दोन्ही परवडत नसतील तर छोटा कॅमेरा आणि चांगली लेन्स, यात काहीच कमीपणा नाही. कॅमेरे लवकर जुने होतात. चांगली, नीट जपलेली लेन्स वर्षानुवर्षं साथ देते.

मार्गशीर्षात आम्ही लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो. घोडे, उंट, गाढवं, धुरळा! भाच्याचे पहिले सगळे फोटो हलले. लांब लेन्स हातात थरथरते, हे तेव्हा कळलं. मग त्यानं शटरचा वेग वाढवला, कोपरे अंगाशी घट्ट धरले. एका घोडेवाल्या आजोबांना विचारून त्यांचा आणि घोड्याचा फोटो काढला. आजोबांनी पडद्यावर तो पाहिला आणि म्हणाले, "मालकापेक्षा घोडाच देखणा आलाय की!"

तो फोटो आता ताईच्या घरात भिंतीवर आहे. भिशीचे पैसे कुठं गेले, असं कुणी विचारलं की ती त्याच्याकडे बोट दाखवते.

तुम्हाला लेन्स हवी असेल, तर दुकानात जाण्याआधी पुठ्ठा, कात्री आणि एक वही घ्या. रेघा मारा. कोणता रकाना भरतो, ते बघा. आणि मगच घरी पैशाची गोष्ट काढा!