ट्रॅक्टरांतील विजेचे दोष व त्यांची परीक्षा

भाताच्या प्रदेशांत यंत्र कोणत्या दिवशीं अडतें, यावरच त्याच्या बिघाडाचें मोल ठरतें. उन्हाळ्यांत ट्रॅक्टर दोन दिवस पडून राहिला तर विशेष बिघडत नाहीं. परंतु पऱ्हे तयार आहेत, बांधींत पाणी सांचलें आहे, रोवणीच्या बाया ठरल्या आहेत, आणि चिखलणीच्या सकाळीं सेल्फ लागत नाहीं, अशा वेळीं एका दिवसाची खोटीहि भारी पडते. मोहाडी, पवनी, लाखांदूरकडील शेतकऱ्यांस हें सांगावयास नको. अशा घाईंत पुष्कळ जण प्रथम नवी बॅटरीच आणवितात. दोष अन्यत्र असल्यास पैसा जातो व ट्रॅक्टर तसाच उभा राहतो. म्हणून दोषाची परीक्षा करण्याची विद्या प्रत्येक ट्रॅक्टरधारकानें थोडीबहुत संपादन करावी, असें आमचें मत आहे.

पूर्वीं मोटारीचें इंजिन हातानें दांडा फिरवून चालू करावें लागे, व दांडा उलट फिरल्यास मनगट मोडे. अमेरिकेंतील ओहायो प्रांतीं शेतकरी कुटुंबांत जन्मलेल्या चार्ल्स केटरिंग यांनीं योजिलेला विजेचा सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसविला गेला. आजच्या ट्रॅक्टरांतील सेल्फहि त्याच जातीचा होय.

याचें मूळतत्त्व सोपें आहे. वीज बॅटरीच्या धन टोकापासून निघून तारेनें सेल्फपर्यंत जाते, आणि इंजिनाच्या लोखंडांतून ऋण टोकाकडे परत येते. हा फेरा कोठेंहि तुटला कीं काम थांबतें. परतीच्या वाटेस मिस्त्री लोक अर्थिंग म्हणतात. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं, आणि चिखलाच्या कामांत गंज व माती तेथेंच बसते. सातबाऱ्यावरील नांवाविषयीं शंका आल्यास आपण फेरफाराच्या नोंदी एकामागून एक मागें पाहत जातों. तद्वत् येथेंहि एकेक जोड क्रमानें तपासावा.

साधन म्हणून एक मल्टिमीटर पुरे. त्याची कळ डीसीच्या २० व्होल्टांवर ठेवावी. गिअर न्यूट्रलमध्यें घालून ब्रेक लावावा, व इंजिन सुरू होऊं नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून धरावी. नंतर पुढील परीक्षा कराव्या.

१. इंजिन कांहीं तास बंद असतां बॅटरीवर सुमारें १२.६ व्होल्ट दिसल्यास ती भरलेली आहे. १२ च्या खालीं असल्यास प्रथम चार्ज करावी.

२. भरलेल्या बॅटरीचा आंकडा सेल्फ मारतांना ९.६ च्या खालीं घसरल्यास बहुधा ती दुबळी झाली आहे.

३. बॅटरी ठीक असून सेल्फ रेंगाळत असल्यास मीटरची एक तार ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवून सोबत्यास सेल्फ मारावयास सांगावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास परतीच्या वाटेंत अडथळा आहे. जोड सोडून, घांसून, घट्ट आवळावा. धन टोक व सेल्फची जाड तार यांमध्येंहि अशीच परीक्षा करावी.

४. सेल्फचा आवाजच न आल्यास फ्यूज, किल्लीचा स्विच, व असल्यास क्लचजवळील सुरक्षेचा स्विच पाहावा.

५. शेवटीं इंजिन चालू करून पाहावें. बॅटरीवर सुमारें १३.८ ते १४.४ व्होल्ट यावेत. आंकडा वर चढलाच नाहीं तर दोष अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा तारा यांत आहे. तेथें नवी बॅटरीहि कांहीं दिवसांत उतरेल.

सावधगिरी अवश्य ठेवावी. जोड सोडतांना ऋण टोक आधीं सोडावें व लावतांना शेवटीं लावावें. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी ओढूं नये. तींतून निघणारा हायड्रोजन वायु पेट घेतो. जळलेल्या फ्यूजच्या जागीं साधी तार बांधूं नये. त्यानें सर्व वायरिंग जळण्याचें भय असतें.

ज्यांचीं मुलें या कामांत रमतात त्यांनीं त्यांस शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमास धाडावें. इतरांनीं दरवर्षीं मृगापूर्वीं वरील परीक्षा करून आंकडे तारखेसह वहींत टिपून ठेवावे. गतवर्षींच्या आंकड्यांशीं ते ताडून पाहिले असतां क्षीण होत चाललेला जोड किंवा बॅटरी रोवणीपूर्वींच ध्यानांत येते, व दुरुस्तीस सवड मिळते.