तबकडी लांब जाते ती कशाच्या जोरावर?

चेंडू जास्तीत जास्त लांब जावा म्हणून तो जमिनीशी किती अंशांचा कोन करून फेकावा? अकरावीचा वर्ग या प्रश्नाला एका सुरात उत्तर देतो, "४५ अंश!" हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ते बरोबरच आहे. आता चेंडूऐवजी प्लॅस्टिकची उडती तबकडी घ्या आणि ती ४५ अंशांत भिरकावून पाहा. ती वर चढेल, क्षणभर अडखळेल आणि एका बाजूला कलून जवळच कोसळेल.

या तबकडीचा गोल्फही खेळतात. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. त्यात काठी नाही, चेंडू नाही. खळग्याच्या जागी लोखंडी साखळ्या लोंबणारी टोपली असते आणि ती कमीत कमी फेकींत गाठायची असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक यांनी १९७५ साली या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. फेक लांब जावी कशी, हा तेथील प्रत्येक नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. बहुतेकजण उत्तर दंडात शोधतात. ते खरे कोठे आहे, ते पाहू या.

समजा, तबकडी सेकंदाला २५ मीटर वेगाने सुटली. हवा मुळीच नसती तर ४५ अंशांत फेकलेली ही तबकडी किती दूर गेली असती? वेगाच्या वर्गाला ९.८ ने भागा; उत्तर सुमारे ६४ मीटर येते. प्रत्यक्षात याच वेगाची चांगली फेक शंभर मीटरच्या आसपास जाते, आणि तीही जमिनीशी जेमतेम दहा-एक अंशांचा कोन करून! चेंडूला हवा अडवते, तबकडीला मात्र हवाच उचलून धरते. म्हणजे तबकडी ही फेकलेली वस्तू कमी आणि विमानाचा पंख जास्त.

पंखाला उचलणारे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की उचल चौथाई होते. साधारण १७५ ग्रॅमची तबकडी २५ मीटर वेगाने जात असताना तिचे वजन पेलण्यास अगदी थोडा कल पुरतो. पुढची कड, म्हणजे तबकडीचे नाक, त्याहून वर उचलले गेले की तबकडीचा पसरट तळ वाऱ्यापुढे ढालीसारखा उभा राहतो. हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, वेग जातो आणि वेगाबरोबर उचलही जाते. येथे दोन कोनांची गल्लत करू नका. तबकडीचा मार्ग किंचित चढता असावा. पण तबकडी त्या मार्गाच्या रेषेत सपाट असावी.

आता जोराचा हिशेब करू. २५ मीटर वेगाच्या या तबकडीची गतिज ऊर्जा सुमारे ५५ ज्यूल भरते. ती हाताने शेवटच्या एका मीटरभर अंतरात दिली असे धरले, तर सरासरी बल ५५ न्यूटन, म्हणजे साडेपाच किलो वजन बोटांना टांगल्यासारखे! पकड ढिली असेल तर तबकडी वेळेआधीच निसटणार, हे उघड आहे. वेग २५ वरून ३० वर न्यायचा तर ऊर्जा ४४ टक्के जास्त लागते. ती एकट्या दंडातून निघत नाही. आसुडाची मूठ सावकाश फिरते आणि टोक सपकन जाते, तसे आधी पाय व कंबर, मग खांदा, मग कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट अशी हालचाल पुढे सरकावी लागते. हे साधायला महिने लागतात. नाक खाली ठेवायला मात्र जादा ऊर्जा मुळीच लागत नाही. झारीने रोपांना पाणी घालताना मनगट जसे पुढे झुकते, तसे ते फेकताना ठेवायचे. पहिली सुधारणा येथेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिली गिरकी. जोरात फिरणारा भोवरा ढकलला तरी पडत नाही, बाजूला डोलतो. तबकडीचेही तसेच आहे. वेग मंदावला की हवेचा दाब मध्याच्या पुढे पडून नाक वर उचलू पाहतो. पण तबकडी फिरत असल्यामुळे नाक वर न जाता ती कुशीवर कलते. उजव्या हाताने, छातीसमोरून बाहेर फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून ती शेवटी डावीकडे वळते. गिरकी जितकी जोरदार, तितके हे कलणे उशिरा.

१९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी काठ उतरता, धारदार असलेली तबकडी काढली आणि फेकींची अंतरे वाढली. २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात, पाठीशी जोराचा वारा घेऊन, डेव्हिड विगिन्स यांनी ३३८ मीटरची फेक केली. परंतु अशा वेगवान तबकड्या वेगानेच उडतात. नवशिक्याच्या हातून त्या लवकर डावीकडे वळून पडतात आणि साधी, बोथट काठाची तबकडी त्यांच्या पुढे जाते.

शाळेचे मैदान मोकळे असेल तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करून पाहा. वारा पडलेला असू द्या. समोर कोणी नको. एकाच तबकडीच्या दहा फेकी नाक वर ठेवून आणि दहा नाक मार्गाच्या रेषेत ठेवून करा. जोर दोन्ही वेळा सारखाच लावा. एक मित्र बाजूला उभा राहून नाक खरोखर कोठे होते ते पाहील. फेकणाऱ्याला ते कळत नाही. प्रत्येक फेक टेपने मोजून दोन्ही सरासऱ्या काढा. मग ज्याची फेक सर्वांत जवळ पडली त्याच्या हाती झारी द्या आणि पुन्हा दहा फेकी मोजा.