नोट नव्हे, नोटेसारखी

लग्नसराईच्या तोंडावर जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कोणीतरी हातात हँडबिल टेकवतो आणि क्षणभर पाचशेची नोट मिळाल्यासारखे वाटते. तोच करडा रंग, तोच लाल किल्ला. फक्त रिझर्व्ह बँकेच्या जागी दुकानाचे नाव आणि खाली सवलतीचा आकडा. आता तर लग्नपत्रिकाही अशा छापून मिळतात. छापणारा, छापून घेणारा आणि वाटणारा अशा तिघांचीही समजूत एकच असते: नोट म्हणून खपवायचीच नाही, तर त्यात गुन्हा कसला?

गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 182 व्या कलमात तो स्पष्ट लिहिला आहे. त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या 489-ई कलमात होता आणि ते कलम 1943 सालचे. चलनी नोटेशी कोणत्याही प्रकारे साम्य असलेला कागद तयार करणे, करवून घेणे, कुठल्याही कारणासाठी वापरणे किंवा दुसऱ्याच्या हातात देणे, हे सगळे त्यात येते. ‘कुठल्याही कारणासाठी’ म्हटल्यावर जाहिरातही आली आणि पत्रिकाही आली.

या कलमातली एक तरतूद दुकानदारांनी नीट वाचायला हवी. अशा कागदावर ज्याचे नाव असेल त्यानेच तो छापवून घेतला, असे उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय धरून चालू शकते. जाहिरात म्हटली की दुकानाचे नाव आलेच. म्हणजे हँडबिल वाटणारा स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच गावभर वाटत असतो.

‘एकाच बाजूने छापले, आकार लहान-मोठा केला की चालते,’ असेही प्रेसवर सर्रास ऐकू येते. हा नियम अमेरिकेचा आहे. तिथे नोटेचे रंगीत चित्र मूळ आकाराच्या पाऊणपटीपेक्षा लहान किंवा दीडपटीपेक्षा मोठे आणि एकाच बाजूला छापलेले असावे लागते. आपल्या कलमात अशी सूट नाही.

शिक्षा मात्र फारच किरकोळ आहे. दंड जास्तीत जास्त 300 रुपये; पोलिसांनी विचारूनही छापणाऱ्याचे नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर 600. जुन्या कायद्यात हेच आकडे 100 आणि 200 होते. एवढ्या दंडाची भीती कोणाला वाटणार? तो सणसणीत वाढवायला हवा होता, कारण खरा धोका हा कागद पुढे कुणाच्या हाती जातो यात आहे.

‘खेळण्यातल्या नोटेला कोण फसतो?’ या प्रश्नाचे उत्तर फेब्रुवारी 2017 मध्ये दिल्लीच्या संगम विहारमध्ये मिळाले. तिथल्या एटीएममधून दोन हजारांच्या नोटा निघाल्या, त्यांवर ‘चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया’ छापलेले होते. सप्टेंबर 2024 मध्ये अहमदाबादच्या एका सराफाकडून सुमारे दोन किलो सोने घेताना भामट्यांनी एक कोटी तीस लाखांची म्हणून जी बंडले दिली, त्यातल्या नोटांवर गांधीजींच्या जागी अभिनेते अनुपम खेर यांचे चित्र होते. चित्र बदललेले आहे हे बंडल सोडेपर्यंत कळले नाही. सोने घेऊन माणसे पसार झाली.

खानदेशात ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. जळगावच्या सराफ बाजारात लांबलांबची गिऱ्हाइके येतात. कापसाच्या खेडा खरेदीत व्यापारी शेतकऱ्याच्या दारात येतो, काटा होतो आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात रोखड हातात पडते. वर-खाली खरी नोट आणि मधे नोटेसारखा कागद, असे बंडल खपवायला हीच वेळ सोयीची.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तितकाच नुकसान करतो. खोटी नोट खिशात सापडली की तुरुंग, या धास्तीने माणसे ती गुपचूप पुढे सरकवतात. वस्तुस्थिती अशी, की नोट खोटी आहे हे माहीत असणे आणि ती खरी म्हणून वापरण्याचा इरादा असणे, यावर हा गुन्हा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये छत्तीसगडच्या एका खटल्यात हे स्पष्ट केले. माहीत असून पुढे चालवणे मात्र गंभीर आहे. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. बँकेत भरणा करताना अशी नोट निघाली तर बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते आणि पोच देते; पैसे मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक असतील तरच गुन्हा नोंदवला जातो.

खरी नोट ओळखायला यंत्र लागत नाही. तिचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, त्यामुळे बोटाला वेगळाच करकरीतपणा लागतो. पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांवर पाच-पाच तिरप्या उठावदार रेघा असतात. अंगठा फिरवला की जाणवतात. नोट तिरकी केली की हिरवा धागा निळा होतो. ऑफसेटवर छापलेल्या हँडबिलात यातले काहीच नसते.

दुकानदारांनी आणि प्रेसवाल्यांनी सवलतीचे कूपन आपल्या दुकानाच्या रंगात, आपल्या चित्रासह छापावे. आणि माल देणाऱ्याने, मग तो सराफ असो की कापूस उत्पादक, रबर सोडून प्रत्येक बंडल मधोमध उघडून पाहिल्याशिवाय माल हलू देऊ नये.