रॅकेट आणि पदवी

टेनिस हा खर्चाचा खेळ आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु हा खर्च नेमका कोठे बोचतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीच्या नजरेने पाहिले तर निराळेच चित्र दिसते. रॅकेट, चेंडू, मैदानाची वर्गणी हे सारे त्यामानाने किरकोळच म्हणावे लागेल. खरी ओढाताण सुरू होते ती कुमार गटाचे वय संपल्यावर.

व्यावसायिक टेनिसमध्ये क्रमांक मिळतो तो गुणांवर, आणि गुण मिळवायचे तर आठवड्यामागून आठवडा गावोगाव, देशोदेशी हिंडावे लागते. महिलांच्या सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील बक्षिसांची एकूण रक्कम १५,००० डॉलर. ती साऱ्या खेळाडूंत वाटली जाते. पहिल्याच फेरीत हरणारीच्या हाती दीडशे डॉलरांच्या आसपास पडतात. त्यातून विमानभाडे, राहणे, जेवण आणि प्रशिक्षक! जमाखर्च मांडला तर पहिली काही वर्षे तोट्याचीच. हा तोटा कोणी सोसायचा?

या प्रश्नाला ऋतुजा भोसले हिच्या कारकिर्दीत एक उत्तर सापडते. तिचा जन्म २७ मार्च १९९६ रोजी श्रीरामपूरचा. पुण्यात तिचा खेळ घडला. कुमार गटात नाव झाल्यावर तिने लगेच व्यावसायिक दौरे धरले नाहीत. ती अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि २०१७ पर्यंत त्या विद्यापीठाच्या संघातून खेळली. गंमत अशी की त्या गावाचे नावच 'कॉलेज स्टेशन' आहे.

ही पद्धत आपल्याकडे फारशी परिचित नाही, म्हणून थोडे सांगते. १९७२ साली अमेरिकेत असा कायदा झाला की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगे आणि मुली असा भेद करता येणार नाही. त्यामुळे मुलींच्या खेळांनाही पैसा मिळू लागला. ऋतुजाच्या काळी वरच्या श्रेणीतील महिला टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. पुरुषांच्या संघाला साडेचारच! शिक्षण, निवास, भोजन, प्रशिक्षक आणि प्रवास यांची सोय विद्यापीठाकडे. उलट अट अशी असे की वर्गात उत्तीर्ण व्हायचे, आणि बाहेरच्या स्पर्धेतील बक्षिसाची रक्कम खर्चापलीकडे खिशात घालायची नाही.

तेथे सामना दोन संघांत होतो. दुहेरीच्या तीन लढतींचा मिळून एक गुण आणि एकेरीच्या सहा लढतींचे सहा. सातांपैकी चार गुण मिळवील तो संघ विजयी. एरवी एकटीने खेळायच्या या खेळात सांघिक जबाबदारी आणि दुहेरीचा नित्य सराव या दोन गोष्टी खेळाडूला मिळतात.

परंतु याची किंमतही आहे. ऐन उमेदीची वर्षे विद्यापीठात जातात आणि तेवढ्यात बरोबरीच्या मुली क्रमवारीत पुढे सरकतात. आमच्या गुजरातची, अहमदाबादची अंकिता रैना पुण्याला येऊन शिकली आणि अमेरिकी विद्यापीठात न जाता व्यावसायिक दौऱ्यांवर राहिली. तिने २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक मिळवले. तेव्हा ऋतुजाची वाटच तेवढी योग्य, असे कोणी म्हणू नये. मात्र त्या वाटेने गेलेली मुलगी संपली, असेही नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातून खेळलेली डॅनियल कॉलिन्स २०२२ साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचली होती.

ऋतुजाही परतली. मार्च २०२० मध्ये दुबईत भारतीय महिला संघाने फेड करंडकाच्या प्ले-ऑफमध्ये प्रथमच प्रवेश मिळवला, त्या संघात ती व अंकिता दोघी होत्या. पुढे २०२२ ची आशियाई स्पर्धा साथीमुळे लांबून २०२३ साली हांगझोऊला झाली. ३० सप्टेंबर रोजी मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात ऋतुजा आणि रोहन बोपण्णा यांनी पहिला सेट २-६ असा गमावला, दुसरा ६-३ असा घेतला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ ने जिंकून तैवानच्या जोडीला हरवले. सुवर्णपदक! ती सत्तावीस वर्षांची, तो त्रेचाळीस वर्षांचा. बोपण्णा कोडगूचा, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नकोच.

सुरतेत आमच्या मराठी वस्तीत दहावीचे वर्ष आले की मुलीचा खेळ बंद होतो. 'आता अभ्यास कर' एवढे म्हटले की प्रश्न मिटला, असे वडीलमंडळींना वाटते. त्यांचेही चुकते असे नाही. लूमवर पाळी करणाऱ्याने तोट्याची वर्षे कोठून सोसावीत? म्हणूनच हा भार एकट्या घराने उचलायचा नसतो, शिक्षणसंस्थेलाही तो उचलता येतो, ही गोष्ट मला पदकाहूनही महत्त्वाची वाटते. आपल्या महाविद्यालयांनी आठ नव्हे, एखाद्या मुलीची जरी अशी पूर्ण जबाबदारी घेतली, तरी 'खेळ की अभ्यास' हा प्रश्न तिच्यापुरता तरी सुटेल.