पाच मिनिटांचा हिशेब
भिवंडीत यंत्रमाग कारागिराची मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते. हिशेब इथे सर्वांच्या सवयीचा. रमजानमध्ये तो स्वतःचा घ्यायचा. त्याला ‘मुहासबा’ म्हणतात. ‘हिशेब’ही त्याच अरबी धातूचा. बगदादचे सूफी हारिस अल-मुहासिबी (निधन इ.स. 857) यांचे नावच त्यावरून पडले.

मात्र बारा तासांची पाळी आणि वर तरावीह, यांत लांबलचक चिंतन चार रोजेही टिकत नाही. हदीसनुसार अल्लाहला थोडा, पण नित्याचा अमल अधिक प्रिय. म्हणून सहरी आटोपल्यावर फजरच्या जमातीआधी पाच मिनिटे, कालच्या दिवसाबद्दल एकच प्रश्न. कारागिराने विचारावे, जिभेचाही रोजा पाळला का? मालकाने विचारावे, मजुरी वेळेवर दिली का? (दुसरा प्रश्न जास्त अवघड.) वही नसली तरी चालेल. ईदनंतर सहरी नसते, फजर असतेच.